पाय देताना नागरिकत्व विचारू नका : महाराष्ट्राच्या खासदारांना खुले पत्र

महाराष्ट्रातून लोकसभेत आणि राज्यसभेत गेलेल्या सर्व सन्माननीय सदस्यांना,
स. न. वि. वि.

मी कृत्रिम हातपाय बनवते. शिक्षण मुंबईत हाजी अलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेत झालं, काम पुण्यात करते. आपल्याकडे माझी एकच मागणी आहे आणि ती सुरुवातीलाच सांगते, कारण आपल्यापर्यंत येणारी पत्रं अनेकदा पहिल्या परिच्छेदापुरतीच वाचली जात असणार.

दिव्यांगांना तीनचाकी सायकल, श्रवणयंत्र, कॅलिपर, कृत्रिम पाय अशी उपकरणं देणारी केंद्र सरकारची 'अ‍ॅडिप' योजना १९८१पासून चालू आहे. तिच्या पात्रतेच्या अटींत लाभार्थी भारतीय नागरिक असला पाहिजे, अशी अट आहे. युद्धातून जीव वाचवून आपल्या देशात आलेल्या आणि निर्वासित म्हणून रीतसर नोंद झालेल्या दिव्यांगांसाठी ही अट काढून टाकावी. त्यासाठी आपण संसदेत प्रश्न विचारावा, मंत्र्यांना पत्र लिहावं, पाठपुरावा करावा. बाकीचं पत्र ही मागणी का करते आहे, हे सांगण्यासाठी आहे.

माझ्याकडे एक अफगाण तरुण येतो. त्याचं नाव देत नाही, कारण घरचे अजून तिकडेच आहेत. अकरा वर्षांचा असताना गावाबाहेर जमिनीत राहिलेल्या स्फोटकावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. अफगाणिस्तानात अशी स्फोटकं एका लढाईची नाहीत. सोव्हिएत फौजा, मुजाहिदीन, तालिबान, त्यानंतरची वीस वर्षं, प्रत्येकाने जमिनीत काही ना काही ठेवलं, आणि उचलून नेलं कुणीच नाही. लढाई थांबल्यावरही त्यात माणसं मरतात. त्यांत मुलं फार असतात, कारण शेरडं चारायला, सरपण गोळा करायला, भंगार वेचायला तीच रानात जातात.

त्याला पहिला पाय काबूलमध्ये मिळाला. तिथे आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीचं केंद्र १९८८पासून आहे आणि १९९०पासून अल्बर्टो काइरो हे इटालियन गृहस्थ तिथे काम करत आले आहेत. आमच्या क्षेत्रात हे नाव आदराने घेतलं जातं. केंद्रातले बहुतेक सगळे कर्मचारी स्वतः दिव्यांग आहेत. मुद्दामच तसे घेतलेले आहेत. हा मुलगा सांगतो, की त्याच्या पायाचं प्लास्टरचं माप ज्याने घेतलं, त्याला दोन्ही पाय नव्हते. अकरा वर्षांच्या पोराला डॉक्टरने कितीही समजावलं असतं, तरी त्या माणसाला भट्टीपासून टेबलापर्यंत चालत जाताना बघून जे कळलं ते कळलं नसतं.

मूल वाढतं, कृत्रिम पाय वाढत नाही, म्हणून दर वर्षाला, कधी त्याआधीच, नवा पाय लागतो. वेळेवर बदलला नाही तर एक बाजू आखूड पडते, कंबर कलते, पाठ धरते. शिवाय लहान वयात हाड मधून कापलेलं असेल तर उरलेल्या हाडाचं टोक कातडीच्या पुढे वाढत जातं, टोकदार होतं आणि आतून टोचायला लागतं. मग पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा जखम भरायची वाट, पुन्हा माप. या मुलाच्या पायावर अशा दोनदा शस्त्रक्रिया झाल्या आहेत. वाढ थांबली म्हणजे प्रश्न मिटतो असंही नाही. स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, वर्षानुवर्षं आटत जातो आणि सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची स्टंप बसवायची खोबण, सैल पडतो. पाय एकदा बसवला की काम झालं, अशी समजूत फोटो काढून झाल्यावर शिबिरातून निघून जाणाऱ्यांची असते. आमची नसते. पाय गमावलेल्या माणसाला आयुष्यभर कुणीतरी पाय बनवणारा लागतो.

तो २०१८ साली भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्यात बी.कॉम.ला आला. पुण्यात अफगाण विद्यार्थी अनेक वर्षं येत आहेत. कोंढव्यात, कॅम्पात त्यांना घरं मिळतात, तंदूरची रोटी मिळते, हिंदी त्यांना बरी येते. शिकून परत जाऊन नोकरी करायची, असं त्याचं साधं गणित होतं. १५ ऑगस्ट २०२१ला काबूल पडलं. इकडे सोसायट्यांमध्ये झेंडावंदन चाललं होतं आणि ही पोरं फोन कानाला लावून खोल्यांत बसून होती. परत जाण्याचा रस्ता बंद झाला. १ ऑक्टोबर २०२३पासून दिल्लीतल्या त्यांच्या दूतावासाचं कामही थांबलं, त्यामुळे पासपोर्टची मुदत संपलेल्यांची आणखी पंचाईत झाली. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाचं कार्यालय दिल्लीत आहे. तिथे नोंद करायला, मग मुलाखतीला, मग कार्डाला हा पुण्याहून रेल्वेने गेला. रात्रभर सॉकेट घालून बसलं की स्टंप सुजतो, आणि काढून ठेवला तर डब्याच्या संडासापर्यंत जायची सोय राहत नाही. वरच्या बर्थवर चढायचा प्रश्नच नव्हता. दोन डब्यांच्या मधल्या हलत्या पत्र्यावर पाय टाकायची वेळ आली की त्याला अजून घाम फुटतो.

माझ्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा त्याने पाय काढून टेबलावर ठेवला. पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा सॉकेट, रेडक्रॉसच्या पद्धतीचा, काम अगदी स्वच्छ. पण टाचेचं रबर एका बाजूने पार झिजलेलं, आणि सॉकेटच्या वरच्या काठाला गेलेला तडा एम-सीलने बुजवलेला. ते त्याने स्वतःच केलं होतं. आत एकावर एक मोजे चढवून सैलपणा भरून काढलेला. तरी प्रत्येक पावलाला स्टंप आत खालीवर घासत होता आणि नडगीच्या टोकाची कातडी सोलवटलेली होती. पुण्यातल्या जुलै महिन्यात ओले मोजे वाळत नाहीत, त्यामुळे जखम भरतही नव्हती. असा पाय घालून तो पीएमपीच्या बसने रोज ये-जा करत होता. बसची पायरी उंच. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी, हा आमचा पहिला धडा. पण मागून लोक ढकलत असताना कुठला पाय आधी टाकायचा हे कोण लक्षात ठेवणार?

रात्री, नसलेल्या पायाच्या बोटांना खाज सुटते, असंही त्याने खूप नंतर, जरा संकोचत सांगितलं. लोक वेडा म्हणतील म्हणून आधी कुणाला बोलला नव्हता. हे अनेकांना होतं, त्याला नाव आहे, त्यावर उपचार आहेत, असं सांगितल्यावर तो बराच वेळ हसला. इतक्या वर्षांत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण युद्धात डॉक्टरांना तेवढी उसंत नसते आणि निर्वासित झाल्यावर ठरलेला डॉक्टर नसतो.

आता अ‍ॅडिपची उपकरणं जिथे वाटली जातात, त्या शिबिरांबद्दल. मी स्वतः अशा सरकारी शिबिरांत मापं घेतलेली आहेत. योजना चांगली आहे, हे मनापासून सांगते. कानपूरच्या अलिम्को कारखान्यातून येणारं सामान खेड्यापाड्यांत पोचतं आणि त्याने माणसं घराबाहेर पडतात, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. योजनेच्या नियमांत तीन वर्षांतून एकदा उपकरण घेता येतं आणि बारा वर्षांखालच्या मुलांना वर्षातून एकदा. म्हणजे मूल वाढतं, हे नियम करणाऱ्याला ठाऊक होतं. अशा जाणत्या नियमात ही एक अट राहून जावी, याचं वाईट वाटतं. तो तरुण एका शिबिरात गेला. टेबलावरच्या माणसाने आधार कार्ड मागितलं, त्याने निर्वासिताचं कार्ड पुढे केलं. टेबलावरच्या माणसाचा यात दोष नाही. हातातल्या कागदावर जे छापलं होतं, तेच त्याने वाचून दाखवलं. चहाही दिला. पण रांगेतून बाजूला व्हावं लागलं ते लागलंच.

पुढे त्याला नवा पाय मिळाला, तो देणगीतून. जयपूर फूट बनवणारी भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५पासून मोफत पाय देते आहे, आणि आपल्याकडे छोट्या ट्रस्टही पुष्कळ आहेत. या सगळ्यांचे उपकार मोठे आहेत. पण पुढच्या वेळी तडा गेला, स्टंप आणखी आटला, की याने पुन्हा दाता शोधायचा का? पंचविशीतल्या तरुणाने साठीपर्यंत दर तीन-चार वर्षांनी कुणापुढे तरी आपली कहाणी पहिल्यापासून सांगायची का? त्याला याचाच सगळ्यात जास्त कंटाळा आलेला आहे. "मॅडम, पाय मिळायला दर वेळी बॉम्बची गोष्ट सांगावी लागते," असं तो म्हणाला. मला हे पत्र लिहावंसं वाटलं ते या वाक्यामुळे.

कायद्याबद्दल आपल्याला मी काय सांगावं? तरी थोडं मांडते. भारताने १९५१च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, हे खरं आहे. पण आपल्या राज्यघटनेतलं समतेचं कलम १४ आणि जीविताचं कलम २१ नागरिकापुरतं नाही, ते प्रत्येक व्यक्तीला लागू आहे. अरुणाचल प्रदेशातल्या चकमा लोकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हेच सांगितलं. दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला. त्याचं कलम ११ सशस्त्र संघर्षात आणि मानवी संकटात दिव्यांगांचं रक्षण करायला सांगतं. त्या करारावर आधारलेला आपला २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा संसदेने केला. त्यात 'दिव्यांग व्यक्ती'ची जी व्याख्या आहे, तीत नागरिकत्वाचा उल्लेख नाही, आणि कलम ८ मध्ये सशस्त्र संघर्ष हे शब्द स्पष्ट आलेले आहेत. म्हणजे कायद्याने दार उघडं ठेवलेलं आहे. अडवते ती योजनेची जुनी अट. ती बदलायला घटनादुरुस्ती लागत नाही. मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना सुधारल्या की झालं.

आणि आपला देश परक्यांना पाय देत नाही असंही नाही. महात्मा गांधींच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त ऑक्टोबर २०१८मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने जयपूरच्या समितीबरोबर 'इंडिया फॉर ह्युमॅनिटी' हा उपक्रम सुरू केला. त्यात अनेक देशांत शिबिरं झाली. दमास्कसमध्येही झालं. युद्धात पाय गमावलेले सीरियन लोक भारताच्या खर्चाने चालू लागले. मला याचा अभिमान वाटतो. आपले तंत्रज्ञ दमास्कसला जाऊन पाय बसवू शकतात, तर तसाच पाय गमावलेला, आपल्याच शहरात भाड्याने राहणारा, आपल्याच विद्यापीठातून पदवी घेतलेला तरुण का वगळायचा?

आधी आपल्या लोकांचं बघा, असं कुणी म्हणेल. हा प्रश्न मी हलक्यात घेत नाही. गडचिरोलीत, मेळघाटात, बीडला ऊसतोडीच्या तांड्यांवर आजही असे दिव्यांग आहेत ज्यांच्यापर्यंत काठीसुद्धा पोचलेली नाही. त्यांच्यासाठी आपण जितकं भांडाल तितकं थोडं आहे. पण तिथे काठी पोचत नाही ती निर्वासिताने नेली म्हणून नव्हे. दाखला देणारा डॉक्टर तालुक्याला महिन्यातून एकदा बसतो, शिबिराची तारीख वाडीवर कळत नाही, गाडीभाडं परवडत नाही, अशी त्याची कारणं आहेत. नोंद झालेल्या निर्वासितांमधले दिव्यांग, त्यांतही कृत्रिम अवयव लागणारे, देशाच्या मानाने मूठभर आहेत. गुडघ्याखालचा साधा पाय काही हजार रुपयांत तयार होतो. या माणसांना सामावून घेतल्याने मेळघाटातल्या कुणाचाही नंबर मागे जाणार नाही.

पश्चिमेला अफगाणिस्तान आहे, तसा पूर्वेला म्यानमार. १ फेब्रुवारी २०२१च्या लष्करी उठावानंतर तिथल्या चिन जमातीचे लोक सीमेवरची तिआउ नदी ओलांडून मिझोराममध्ये आले आणि मिझो लोकांनी त्यांना रोखा, असं केंद्राचं पत्र आलेलं असतानाही त्यांना घरात घेतलं. भूसुरुंगांची दरवर्षी मोजदाद करणाऱ्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार २०२३ साली जगात सगळ्यात जास्त माणसं म्यानमारमध्ये भूसुरुंगांनी मेली किंवा जखमी झाली, एक हजारावर. त्या देशाची सीमा आपल्या चार राज्यांना लागून आहे. मिझोरामच्या चंफाई जिल्ह्यात कुबड्यांवर चालणाऱ्या एखाद्या चिन मुलीला पाय लागणार, तर तो दिल्लीतल्या त्याच नियमाने अडणार आहे. तिच्यासाठी बोलायला मिझोरामचा लोकसभेत एक खासदार आहे. महाराष्ट्राचे अठ्ठेचाळीस आहेत.

आपण महाराष्ट्राचे, म्हणून वळिवड्याची आठवण करून देते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत छावण्यांतून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षं कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले. त्यांच्यासाठी शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, आणि क्षय झालेल्या मुलांना पाचगणीच्या हवेत ठेवून उपचार केले गेले. आजारी निर्वासित मुलाला औषध द्यायच्या आधी त्याचा देश कुठला, हे तेव्हा आड आलं नाही. ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधानांनी वॉर्साला जाऊन तिथल्या कोल्हापूर स्मारकाला फुलं वाहिली. आणि २० जून २०१९ रोजी, जागतिक निर्वासित दिनीच, सुरक्षा परिषदेने सशस्त्र संघर्षातल्या दिव्यांगांविषयीचा पहिला ठराव, क्रमांक २४७५, एकमताने मंजूर केला, तो मांडणाऱ्यांत ब्रिटनबरोबर पोलंड होता. पंचगंगेच्या काठी ज्यांची मुलं सांभाळली गेली, तो हा देश.

त्या ठरावाआधी दोन महिने, एप्रिल २०१९मध्ये, सुरक्षा परिषदेपुढे नुजीन मुस्तफा ही सीरियन कुर्द तरुणी बोलली होती. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. आलेप्पोत पाचव्या मजल्यावरचं घर, लिफ्ट नाही, त्यामुळे शाळा कधी बघितलेली नाही. सोळाव्या वर्षी, २०१५ साली, बहिणीने तिची चाकाची खुर्ची ढकलत तिला तुर्कस्तानातून होडीने ग्रीसला आणि तिथून जर्मनीला नेलं. जर्मनीत ती आयुष्यात पहिल्यांदा शाळेत गेली. आमच्या या तरुणाने तिचं भाषण ऐकलेलं आहे. अफगाण खेळाडू झाकिया खुदादादी हिने पॅरिसच्या २०२४च्या पॅरालिम्पिकमध्ये निर्वासितांच्या संघासाठी पहिलंवहिलं पदक मिळवलं, तेव्हाही तो रात्री जागून बघत होता. पण त्याला पदक नको आहे, भाषणही करायचं नाही. एम.कॉम. करायचं आहे, कॉमर्सच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या आहेत, आणि एखाद्या रविवारी मित्रांबरोबर सिंहगड चढायचा आहे. असामान्य असणाऱ्यांचीच सोय व्हावी, हे मला मान्य नाही. साध्या माणसाला साधा पाय मिळाला पाहिजे.

तर माझी विनंती अशी. येत्या अधिवेशनात सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्र्यांना लेखी प्रश्न विचारा, की अ‍ॅडिप योजनेतून आजवर किती निर्वासितांना उपकरणं मिळाली, आणि नागरिकत्वाची अट दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ८शी कशी जुळते. ती अट सुधारताना निर्वासिताचं कार्ड किंवा परदेशी नागरिक नोंदणीचा कागद आधारच्या जागी धरला जावा, नाहीतर अट जाईल आणि अर्जातला आधारचा रकाना तसाच अडवत राहील. दिव्यांगत्वाचा दाखला देताना सरकारी रुग्णालयांनीही हाच नियम पाळावा. महाराष्ट्राने २०२२ साली दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. केंद्राचं काम होईपर्यंत या विभागाने राज्याच्या निधीतून हे सुरू करावं, यासाठी आपण मुख्यमंत्र्यांशी बोलू शकता. मापं घ्यायला, पाय बसवायला आणि चालायला शिकवायला माझ्यासारखे तंत्रज्ञ लागतील तेवढे उभे राहतील. माझं नाव त्यात पहिलं धरा.

आपल्यापैकी कुणाला हा विषय नीट समजून घ्यायचा असेल, तर आमच्या कार्यशाळेत या. प्लास्टरच्या मापापासून पहिल्या पावलापर्यंत काय काय होतं, ते दाखवीन. तो तरुणही भेटेल, त्याने तसं कबूल केलं आहे. फक्त त्याला स्फोटाबद्दल विचारू नका.

कळावे,
आपली विश्वासू,
एक कृत्रिम अवयव तंत्रज्ञ,
पुणे